एका डब्यात तीन कम्प्युटर: वेगळं काय, सामाईक काय

नागपूरच्या नंदनवन भागात माझ्या मोठ्या भावाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं पहाटेपासून रात्री अकरापर्यंत तिथे येत-जात असतात. काही वर्षांपूर्वी मागच्या खोलीत तीन जुने टॉवर कम्प्युटर चालायचे. एकावर विंडोज, फीचा हिशेब आणि हजेरीसाठी. दुसऱ्यावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि नोट्सचा साठा. तिसरा जाहिराती आणि नको त्या साइट अडवायला. मे महिन्यात त्या खोलीत उभं राहवत नसे. आता तिघांच्या जागी एकच यंत्र आहे, संत्रा बर्फीच्या अर्ध्या किलोच्या डब्याएवढं. पण कम्प्युटर अजूनही तीनच आहेत.

"काय सांगून राहिला बे? डबा एक अन् कम्प्युटर तीन?" दादानं विचारलं होतं. त्या संध्याकाळी त्याला जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला कम्प्युटर, काय आहे हे कळणं अवघड नाही. पण ती तीन यंत्रं खरोखर कुठे वेगळी आहेत आणि कुठे एकमेकांत अडकलेली आहेत, हे कळलं तरच असा सर्व्हर घरी किंवा दुकानात निभावतो. बिघडलेल्या ज्या ज्या मांडण्या मी पाहिल्या, त्या या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष न दिल्यानंच बिघडल्या होत्या.

विंडोजला काय दिसतं

विंडोज किंवा लिनक्स सुरू होतं तेव्हा त्याला यंत्र दिसत नसतं. ते विचारतं. मेमरी किती? डिस्क कुठली? नेटवर्क कार्ड कोणतं? जे उत्तर येईल त्यावर विश्वास ठेवून ते कामाला लागतं. एरवी उत्तर देणारं खरं हार्डवेअर असतं. मध्ये एक प्रोग्राम बसवला आणि त्यानंच सांगितलं की मेमरी ६ जीबी, डिस्क १०० जीबी, कार्ड अमुक, तर विंडोज तेवढ्यालाच आपलं जग मानतं. ती १०० जीबीची डिस्क म्हणजे खऱ्या एसएसडीवरची एक फाइल किंवा तिच्यातला वाटून दिलेला हिस्सा असतो. नेटवर्क कार्ड तर कुठे नसतंच, ते निव्वळ सॉफ्टवेअर असतं.

या मधल्या प्रोग्रामला हायपरव्हायजर म्हणतात. खरं यंत्र म्हणजे होस्ट, आणि आत चालणारं प्रत्येक यंत्र म्हणजे गेस्ट. आपल्याकडे यजमान आणि पाहुणा हे शब्द आहेतच, मी तेच वापरतो.

इथे एक रास्त शंका येते. प्रत्येक गोष्टीला मध्यस्थ असेल तर सगळं रेंगाळणार नाही का? रेंगाळलं असतं, पण पाहुण्याच्या बहुतेक सूचना मध्यस्थाकडे जातच नाहीत. बेरीज, तुलना, मेमरीतून आकडा उचलणं, ही कामं खरा प्रोसेसर थेट करतो, पूर्ण वेगानं. फक्त यंत्राच्या कारभारात हात घालणाऱ्या सूचना, म्हणजे मेमरीचा नकाशा बदलणं किंवा एखाद्या उपकरणाशी बोलणं, तेवढ्या अडवून हायपरव्हायजरकडे वळवल्या जातात. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली हाच नियम नीट मांडला: जी सूचना यंत्राच्या स्थितीशी खेळते, ती पाहुण्याकडून आली तर अडलीच पाहिजे.

कल्पना त्याहून जुनी. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात १९६०च्या दशकात मोठ्या यंत्रावर असे पाहुणे चालत होते, आणि १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आलं. मग आपल्या टेबलावरच्या पीसीपर्यंत यायला एवढा उशीर का लागला? कारण इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांत काही सूचना अशा होत्या की पाहुण्यानं त्या दिल्या तर त्या अडत नसत, गुपचूप चुकीचं काहीतरी करून पुढे जात. व्हीएमवेअरनं १९९९ साली यावर मोठ्या हुशारीनं मात केली. पाहुण्याचा कोड चालता चालता वाचायचा आणि त्या सूचनांच्या जागी सुरक्षित सूचना लिहायच्या. पुढे २००५ साली इंटेलनं आणि २००६ साली एएमडीनं प्रोसेसरमध्येच पाहुण्यांसाठी वेगळी व्यवस्था दिली, आणि २००७ साली केव्हीएम नावाचा भाग लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. दादाच्या भिंतीवरचा डबा याच केव्हीएमवर चालतो. म्हणून जुन्या मिनी पीसीवर पहिलं काम बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू आहे का ते पाहणं. एएमडी असेल तर त्याच जागी 'एसव्हीएम' लिहिलेलं असतं. पुष्कळदा ते बंद असतं आणि माणूस दिवसभर दुसरीकडे चूक शोधत बसतो.

शिफ्टची खुर्ची आणि फिक्सची खुर्ची

दादाच्या अभ्यासिकेत दोन प्रकारचे सभासद आहेत. शिफ्टवाले एकाच खुर्चीवर सकाळी एक, दुपारी दुसरा असे बसतात. फिक्सवाले मात्र पुस्तकं पसरून ठेवतात. ते तीन तास बाहेर गेले तरी त्यांची जागा कुणाला देता येत नाही.

प्रोसेसर हा शिफ्टचा मामला आहे आणि मेमरी फिक्सचा. छोटा सर्व्हर घेताना हा एक फरक डोक्यात पक्का ठेवावा.

आमच्या डब्यात इंटेलचा आय-५ ८५००टी हा प्रोसेसर आहे, सहा कोअरचा, म्हणजे एका वेळी सहा कामं करू शकणारा. पाहुण्यांना आम्ही चार, दोन आणि एक असे मिळून सात कोअर दिलेत. हिशेब जुळत नाही असं वाटेल, पण काहीच अडत नाही. फीचं सॉफ्टवेअर दिवसातला बहुतेक वेळ कुणी बटण दाबायची वाट पाहत असतं. फायलींचा सर्व्हर कुणी फाइल मागितली तरच जागा होतो. यजमान सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या शिफ्टा लावतो आणि सगळ्यांचं भागतं. तिघांनाही एकाच क्षणी जोर आला तर सगळे थोडे मंदावतात, एवढंच.

मेमरीत असं चालत नाही. पाहुणा सुरू होताच दिलेल्या जागेत पुस्तकं पसरायला लागतो, आणि विंडोज तर रिकामी मेमरीही पुढच्या सोयीसाठी भरून ठेवतं. 'बलूनिंग' नावाची एक युक्ती आहे. पाहुण्याच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसतो आणि यजमानाला गरज पडली की थोडी जागा रिकामी करून परत देतो. पण तिच्यावर भिस्त ठेवून जास्तीचं वाटप करू नये. यजमानाची मेमरी संपली की लिनक्स स्वतः वाचावा म्हणून सर्वांत जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम बंद करतो. यजमानाच्या नजरेत तुमचं अख्खं विंडोज हे फक्त एका प्रोग्रामएवढं असतं, आणि सर्वांत जास्त मेमरी खाणाराही तोच! फी भरून घेता घेता पडदा काळा होतो आणि आतल्या विंडोजला कारणही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं यंत्राची तार उपटली गेलेली असते.

आमच्याकडे १६ जीबी आहे. विंडोजला ६, फायलींना ३, जाहिराती अडवणाऱ्याला अर्धा, यजमानाला स्वतःसाठी २. उरलेली साडेचार जीबी आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली आहे. कुणी विचारलं की आय-५ घेऊ की आय-७, तर मी म्हणतो आय-५ घे आणि वाचलेले पैसे मेमरीत घाल. या छोट्या यंत्रांत बहुधा लॅपटॉपच्या मापाच्या मेमरीच्या दोनच खाचा असतात. त्यामुळे पुढे वाढवायची असेल तर आज दोन लहान पट्ट्यांपेक्षा एक मोठी पट्टी घेणं शहाणपणाचं.

तिसरा पाहुणा, जाहिराती अडवणारा, खरं म्हणजे व्हर्च्युअल मशीन नाही, कंटेनर आहे. व्हर्च्युअल मशीन आपला गाभा, म्हणजे कर्नेल, स्वतःचा घेऊन येते. कंटेनर यजमानाचाच कर्नेल वापरतो, फक्त त्याच्याभोवती पडदा असतो. म्हणून तो काही सेकंदांत उठतो आणि अर्ध्या जीबीत भागवतो. पण पडदा तो पडदाच, भिंतीएवढा भक्कम नाही, आणि लिनक्सच्या कर्नेलवर विंडोज कंटेनर म्हणून चालणारही नाही. हलक्या, विश्वासाच्या कामाला कंटेनर चांगला. ज्याच्यावर भरवसा नाही किंवा जे वेगळ्या जातीचं आहे, त्याला पूर्ण मशीनच द्यावी.

डिस्कवरचा वायदा

डिस्क सर्वांत फसवी. इथे यजमान वायदा करतो. विंडोजला १०० जीबी देतो म्हणतो, फायलींना २०० जीबी देतो म्हणतो, आणि खरी एसएसडी असते २५६ची. पाहुणा जेवढं लिहील तेवढीच जागा प्रत्यक्ष वापरली जाते, म्हणून सुरुवातीला सगळं आनंदात चालतं. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात.

परीक्षेच्या तोंडावर मुलांनी प्रश्नपत्रिकांचे स्कॅन ढिगानं टाकले आणि एका रात्री आमचा तो सामाईक साठा शंभर टक्के भरला. तिन्ही पाहुणे जागच्या जागी थिजले. विंडोजला आतून चाळीस जीबी मोकळी दिसत होती, आणि त्याच्या हिशेबानं ते खरंच होतं. यजमानाच्या पडद्यावर मात्र त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण लागला होता, कारण लिहायला खाली जागाच नव्हती. त्या रात्री मला सामाईक या शब्दाचा अर्थ नीट कळला. फायलींच्या पाहुण्यानं खाल्लेल्या जागेनं फीचा हिशेब बंद पाडला. आता आम्ही वायद्यांची बेरीज खऱ्या जागेच्या आत ठेवतो, फायली वेगळ्या डिस्कवर नेल्या आहेत आणि 'डिस्कार्ड' हा पर्याय चालू केलाय, म्हणजे पाहुण्यानं पुसलेली जागा यजमानाकडे खरोखर परत येते.

याच डिस्कवर स्नॅपशॉट नावाची एक फार लोभस सोय मिळते. एका क्षणाची डिस्कची स्थिती गोठवून ठेवायची, आणि नंतर काही बिघडलं तर त्या क्षणी परत जायचं. फीच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं आणि मागच्या वर्षाच्या पावत्या उघडेनात. दादाचा चेहरा उतरला होता. स्नॅपशॉट आधी घेतलेला होता, दोन मिनिटांत सकाळची स्थिती परत आली. त्या दिवसापासून दादाला या डब्याबद्दल खरी माया वाटू लागली, आणि मलाही वाटतं की व्हर्च्युअल मशीन वापरायला हे एकच कारण पुरेसं आहे. मोडून पाहायची मुभा मिळते. खऱ्या यंत्रावर जे करायला हात कापतो ते इथे करून पाहता येतं.

पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. तो त्याच एसएसडीवर असतो. एसएसडी गेली की स्थिती, स्नॅपशॉट, तिन्ही पाहुणे सगळं एकदम जातं. पूर्वी तीन टॉवर होते तेव्हा एक डिस्क गेली तर एकच काम बंद पडायचं. एकत्र आणल्याचं मोल असं चुकवावं लागतं, म्हणून बॅकअप पूर्वीपेक्षा जास्त लागतो. आमचा रोज रात्री दोन वाजता बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातो, आणि रविवारी दादा दुसरी डिस्क जोडून एक प्रत घरी नेतो. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्यातली एक प्रत वेगळ्या क्रमांकाचा पाहुणा म्हणून, नेटवर्क तोडून, उघडून पाहतो. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे असं मी धरत नाही.

नागपूरचा उन्हाळा

पुस्तकातला सर्व्हर थंड खोलीत असतो. आमचा नागपुरात आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपात बंद खोलीतलं तापमान ४० ओलांडतं हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

गणित सरळ आहे. पंखा आणि तांब्याचा तुकडा मिळून प्रोसेसरला हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गरम ठेवू शकतात, हवेपेक्षा थंड कधीच नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५वर चालत असेल, तर खोली ४२वर गेली की तेच काम करताना तो ९०च्या पुढे जातो. ८५००टीची मर्यादा १०० अंशांची. तिच्या जवळ आला की तो स्वतःचा वेग कमी करतो. बिघाड होत नाही, पण दुपारी तीन वाजता सगळं का रखडतं हे कोडं पडतं. एसएसडीचंही तसंच, तीही तापली की मंदावते.

म्हणून डबा कपाटात कोंडू नये, टीव्हीच्या किंवा राऊटरच्या डोक्यावर ठेवू नये. आम्ही तो उत्तरेच्या भिंतीवर, छतापासून खाली, उभा अडकवलाय. वरच्या हवेत उष्णता साठते, खाली चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. कूलरची हवा थेट येईल अशा जागीही ठेवू नये. कूलरमुळे खोली थंड होते तो फायदा खराच. पण समोरच बसवलेल्या यंत्रावर पाण्याचे तुषार येतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार पंख्याच्या पात्यांवर चिकटलेला मी पाहिला आहे. एप्रिल लागायच्या आधी झाकण उघडून धूळ काढायची आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलायची. जुनं, रिफर्बिश्ड यंत्र घेतलं असेल तर हे पहिल्याच दिवशी करावं.

मग लाईन. मेअखेरच्या वादळात ती जाते, येते, पुन्हा जाते. एका डब्यात तीन कम्प्युटर म्हणजे एका झटक्यात तिघं लिहिता लिहिता बंद. घरचा इन्व्हर्टर पुरतो का? त्यावर 'यूपीएस मोड' असेल आणि तो लावला असेल तर बहुधा पुरतो, नाहीतर लाईन बदलण्याच्या त्या क्षणात यंत्र रीस्टार्ट होतं. आम्ही एक छोटा यूपीएस मध्ये लावला आणि त्याची यूएसबी तार डब्याला जोडली. बॅटरी संपत आली की यजमानाला निरोप जातो, तो पाहुण्यांना एकेक करून रीतसर बंद करतो आणि मग स्वतः बंद होतो. पाहुण्याच्या आत 'गेस्ट एजंट' हा छोटा प्रोग्राम बसवला असेल तर हे नीट होतं. बायोसमध्ये लाईन परत आली की आपोआप सुरू व्हायचा पर्याय असतो, तोही लावून ठेवावा. नाहीतर सहा वाजता पोरं दारात आणि बटण दाबायला कुणी नाही.

विजेच्या बिलात मात्र सुखद बदल झाला. मीटर लावून पाहिलं तर डबा शांत असताना १५ वॅटच्या आसपास घेतो. महिनाभर अखंड चालला तरी जेमतेम ११ युनिट. तीन टॉवर प्रत्येकी ५० वॅट धरले तरी १०८ युनिट व्हायचे, आणि तेवढी उष्णता त्याच खोलीत ओतली जायची.

मांडणी करताना

हायपरव्हायजर म्हणून आम्ही प्रॉक्समॉक्स घेतलं. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे, आतून तेच केव्हीएम वापरतं, फुकट वापरता येतं, आणि पेन ड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसतं. बसताना ती डिस्क पूर्ण पुसली जाते, हे विसरू नये. त्यानंतर डब्याला पडदा किंवा कीबोर्ड लागत नाही. त्याच नेटवर्कवरच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता आणि पुढे ८००६ पोर्ट टाकला की सगळा कारभार समोर येतो. सदस्यत्व नसल्याची सूचना दर वेळी दिसते. ती दिसली म्हणून काही अडत नाही, फक्त अपडेटसाठी बिनसदस्यत्वाचा साठा निवडावा लागतो.

विंडोज बसवताना बहुतेकांना एकाच जागी ठेच लागते. वेगासाठी डिस्क 'व्हर्टआयओ' प्रकारची निवडतात आणि विंडोजचा इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच सापडत नाही. त्याला त्या जातीच्या डिस्कशी बोलता येत नाही, एवढंच. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल दुसरी सीडी म्हणून जोडायची आणि तिथून ड्रायव्हर द्यायचा. पाहुणा असला तरी विंडोजचा परवाना लागतोच. आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल असेल, तर ते डब्याला जोडून तेवढं एक पोर्ट त्या पाहुण्याच्या नावे करता येतं.

नेटवर्कसाठी यजमान आतल्या आत एक 'ब्रिज' तयार करतो, म्हणजे सॉफ्टवेअरचा स्विच. प्रत्येक पाहुण्याला राऊटरकडून स्वतंत्र पत्ता मिळतो. हे वायरवरच करा. वायफाय राऊटर एका जोडणीमागे एकच उपकरण आहे असं धरून चालतो, तिच्यामागून तीन-तीन पत्ते आले की बोलणं तुटतं. बाहेरून काम करायचं असेल तर ८००६ पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका, वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेनं, आत या.

राहिला एक धागा, आणि तो आम्हाला उशिरा सापडला. जाहिराती अडवणारा पाहुणा हे काम साइटची नावं आणि पत्ते यांच्या यादीवरून करतो, म्हणजे तो अख्ख्या अभ्यासिकेचा डीएनएस आहे, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा. डबा बंद झाला की इंटरनेटची जोडणी चालू असूनही कुणाच्या मोबाइलवर एक साइट उघडत नाही, आणि डबा दुरुस्त कसा करायचा हे शोधायलाही वाट राहत नाही. राऊटरमध्ये दुसरा, बाहेरचा डीएनएस देऊन पाहिला, तर मोबाइल सर्रास त्यालाही विचारत राहिले आणि जाहिराती परत दिसू लागल्या. शेवटी आम्ही तो पाहुणा सर्वांत आधी सुरू व्हावा असा क्रम लावला, आणि डब्याशेजारी भिंतीवर दादानं स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला: राऊटरचा पत्ता, आत गेल्यावर कुठल्या पानावर जायचं, आणि तिथे आमच्या डीएनएसच्या जागी कुठला आकडा लिहायचा.